स्वयमारंभाची यादी : अधिकार, मोजमाप आणि संमती

१

संगणकाची कळ दाबल्यापासून तो वापरणाऱ्याच्या आज्ञेची वाट पाहू लागेपर्यंत जो अल्प काळ जातो, त्या काळात यंत्राच्या धन्याने कोणतीही आज्ञा दिलेली नसते. तरीही कित्येक आज्ञावली आपापल्या कामाला लागलेल्या असतात. एखादी छपाईयंत्राची खबर घेत असते. दुसरी स्वतःची नवी आवृत्ती निघाली आहे काय याची चौकशी करीत असते. तिसरी दूरच्या साठ्याशी फायलींचा मेळ घालीत असते. आणि चौथी, पुढेमागे आपली आठवण झालीच तर चटकन उघडता यावे, एवढ्याचसाठी स्मृतीत जागा अडवून बसलेली असते. या सर्वांना बोलावले कोणी, हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक वाटतो. परंतु ज्या अर्थी प्रत्येक प्रचलित संचालन-प्रणालीला अशा आज्ञावलींची यादी ठेवावी लागते आणि ती यादी पाहण्याची व बदलण्याची काही सोय वापरणाऱ्याला द्यावी लागते, त्या अर्थी हा प्रश्न त्या प्रणालींच्या कर्त्यांनाही टाळता आलेला नाही, हे उघड आहे.

प्रस्तुत लेखात या सोयींचे समीक्षण करावयाचे आहे. त्यांचा वापर कसा करावा हे सांगणारी मार्गदर्शने विपुल आहेत. त्यांत भर घालण्याचा येथे हेतू नाही. पाहावयाचे आहे ते इतकेच की, स्वयमारंभाची यादी ठेवण्याच्या निरनिराळ्या पद्धतींमागे वापरणाऱ्याविषयी कोणती कल्पना गृहीत धरली आहे, आणि ती कल्पना कसोटीला कितपत उतरते. कसोट्या चार मानता येतील. यादी पूर्ण आहे काय, ही पहिली. ती सामान्य वाचकाला कळते काय, ही दुसरी. केलेला बदल मागे घेता येतो काय, ही तिसरी. आणि यादीत नाव चढण्यापूर्वी धन्याला विचारले जाते काय, ही चौथी. पहिल्या तिन्ही कसोट्यांवर गेल्या चार दशकांत निःसंशय प्रगती झाली. चौथीवर मात्र ती अत्यंत मंद आणि अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

२

प्रथम पूर्वेतिहास थोडक्यात पाहणे आवश्यक आहे. १९८१ साली आयबीएमच्या वैयक्तिक संगणकाबरोबर जी डॉस प्रणाली आली, तिच्या परंपरेत स्वयमारंभाची व्यवस्था मुख्यतः दोन साध्या मजकुरी फायलींत सामावली : कॉन्फिग-सिस आणि ऑटोएक्झेक-बॅट. पहिलीत उपकरणांचे चालक नोंदविलेले असत आणि दुसरीत क्रमाने द्यावयाच्या आज्ञा. फाईल उघडली की यादी समोर असे. ओळीच्या आरंभी ‘रेम’ हा शब्द घातला की ती ओळ निष्प्रभ होई. तो काढला की पुन्हा सजीव होई. म्हणजे पूर्णता आणि परिवर्तनीयता या दोन्ही कसोट्यांवर ही ओबडधोबड पद्धती पुढील कित्येक सुबक पद्धतींहून सरस होती. वैगुण्य होते ते सुबोधतेत. ६४० किलोबाइटांच्या मर्यादेत स्मृतीचा ताळमेळ बसविणे हे त्या काळी एक शास्त्रच होऊन बसले होते. १९९१ च्या डॉस ५ मध्ये चालक व स्मृतिनिवासी आज्ञावली वरच्या स्मृतीत हलविण्याची सोय झाली, आणि १९९३ च्या डॉस ६ मध्ये यंत्र सुरू होतानाच एक कळ दाबून दोन्ही फायली टाळण्याची अथवा त्यांतील ओळी एकेक करून मान्य करण्याची मुभा मिळाली. ही शेवटची मुभा विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. तिच्यात प्रत्येक ओळीगणिक धन्याला ‘हो की नाही’ असे विचारले जात असे.

विंडोजच्या परंपरेत ही एकसंधता हळूहळू भंगत गेली. आरंभी विन-आयएनआय या फाईलमधील दोन ओळी पुरेशा होत्या. १९९२ च्या विंडोज ३·१ मध्ये ‘स्टार्टअप’ नावाचा एक गट पडद्यावर दिसू लागला. ज्याला जे आरंभी चालवावयाचे असेल त्याने त्याचे चिन्ह त्या गटात ठेवावे, अशी ती सुटसुटीत कल्पना होती. परंतु १९९५ च्या विंडोज ९५ मध्ये या दर्शनी गटाच्या जोडीला रजिस्ट्रीतील ‘रन’ या नोंदींचे महत्त्व वाढले. गट धन्याच्या डोळ्यांसमोर होता, रजिस्ट्री नव्हती. आज्ञावली तयार करणाऱ्यांनी कोणती वाट धरली असेल, हे सांगावयास नकोच. ओसरीवर बसण्याऐवजी त्यांनी माजघराची वाट धरली.

या चंचुप्रवेशाचे परिणाम केवळ मंदगतीपुरते मर्यादित राहिले नाहीत. मे २००० मध्ये जगभर पसरलेल्या ‘आय लव्ह यू’ या कृमीने यंत्र पुन्हा सुरू झाल्यावर आपणही पुन्हा चालावे म्हणून याच नोंदींचा आश्रय घेतला होता. छपाईयंत्राच्या साहाय्यक आज्ञावलीला जे दार उघडे, तेच घातक आज्ञावलीलाही उघडे होते. कारण दाराशी कोणी विचारणाराच नव्हता. स्वयमारंभाच्या यादीचा प्रश्न हा सुरक्षिततेचाही प्रश्न आहे, हे यावरून स्पष्ट व्हावे.

३

१९९८ च्या विंडोज ९८ मध्ये एमएसकॉन्फिग ही उपाययोजना आली आणि दडलेली यादी प्रथमच खुणेच्या चौकटींसह वापरणाऱ्यासमोर मांडली गेली. चौकटीतील खूण काढली की नोंद नाहीशी न होता बाजूला ठेवली जाई. हा विवेक प्रशंसनीय होता. तथापि या साधनाची भूमिका रोगचिकित्सेची होती, नित्य व्यवहाराची नव्हती. विंडोज एक्सपीमध्ये त्यात बदल केल्यानंतर पुढच्या आरंभी एक सूचनापट पडद्यावर येई आणि यंत्र ‘निवडक’ अवस्थेत आहे याची आठवण करून देई; जणू धन्याने आपल्या घरात काही निवड करणे ही एक तात्पुरती आणि अस्वाभाविक स्थिती असावी.

२०१२ च्या विंडोज ८ ने ही भूमिका पालटली. यादी टास्क मॅनेजरमध्ये आली आणि प्रत्येक नोंदीसमोर ‘आरंभावरील परिणाम’ असा एक स्तंभ आला. परिणाम जास्त, मध्यम, कमी किंवा ‘मोजलेला नाही’ अशा शब्दांत सांगितला जातो. या शब्दांमागील मापे मायक्रोसॉफ्टने प्रसिद्ध केलेली आहेत. आरंभकाळात एखाद्या आज्ञावलीने प्रक्रियकाचा एक सेकंदाहून अधिक वेळ घेतला, अथवा तबकडीवर तीन मेगाबाइटांहून अधिक देवघेव केली, तर परिणाम ‘जास्त’. दोन्ही बाबतींत ती अनुक्रमे ३०० मिलिसेकंद व ३०० किलोबाइट यांच्या आत राहिली, तर ‘कमी’. मधले ते ‘मध्यम’.

या स्तंभाने सामान्य वाचकाला पहिल्यांदाच काही प्रमाण हाती दिले, हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. पूर्वी केवळ नावांची जंत्री होती. आता तिच्याबरोबर तुलनेचे एक साधन आले. परंतु हे माप काय मोजते आणि काय मोजत नाही, याचा विचार केल्यास त्याच्या मर्यादा चटकन ध्यानात येतात.

पहिली मर्यादा अशी की, माप स्थिर आहे आणि यंत्रे स्थिर नाहीत. फिरत्या तबकडीवर तीन मेगाबाइट इतस्ततः विखुरलेल्या स्थितीत वाचावयाचे झाल्यास वाचनशीर्षाच्या हालचालीतच बराच वेळ जातो. आजच्या घनस्थिती साठ्यावर, सेकंदाला ५०० मेगाबाइट असा साधारण वेग धरला, तर तेवढेच वाचन सहा मिलिसेकंदांत उरकते. अर्थात अशा यंत्रावर केवळ या एका निकषामुळे ‘जास्त’ ठरलेली नोंद वस्तुतः जाणवण्याइतकाही वेळ घेत नसेल. विशेषणाने वाचकाला घाबरविले, पण कारण दिले नाही.

दुसरी मर्यादा अधिक मूलगामी आहे. हे माप आरंभकाळापुरते आहे. एखादी आज्ञावली अलगद पावलांनी येऊन दिवसभर स्मृती अडवून बसली, तर तिचा परिणाम ‘कमी’ असाच नोंदला जाईल. ज्या यंत्रात मुळात चार गिगाबाइट स्मृती आहे, त्याच्या धन्याला सकाळी गेलेल्या दोन सेकंदांपेक्षा दुपारी अडलेल्या जागेची बाधा अधिक होते. पाहुणा किती गाजावाजा करीत आला हे या स्तंभात सांगितले आहे. तो मुक्कामाला किती दिवस राहिला हे सांगितलेले नाही.

तिसरी मर्यादा पूर्णतेची. या यादीत मुख्यतः रजिस्ट्रीतील नेहमीच्या ‘रन’ नोंदी, स्टार्टअप फोल्डर आणि नव्या पद्धतीच्या अॅप्स एवढेच येते. पार्श्वभूमीवर चालणाऱ्या सेवा आणि नियोजित कार्ये यांच्या याद्या अन्यत्र आहेत. त्यामुळे ‘सर्व काही बंद केले तरी यंत्र मंदच’ अशी जी तक्रार ऐकू येते, तिचे मूळ पुष्कळदा या अपुऱ्या यादीत असते. यादी अपुरी असणे हा एक दोष. ती अपुरी आहे हे तिने न सांगणे हा दुसरा.

४

पूर्णतेच्या कसोटीवर ऑटोरन्स या साधनाची बरोबरी विंडोजच्या क्षेत्रात क्वचितच दुसरे कोणी करील. मार्क रुसिनोविच आणि ब्राइस कॉग्सवेल यांनी सिसइंटर्नल्सच्या संग्रहात ते सिद्ध केले. २००६ साली मायक्रोसॉफ्टने त्यांची संस्था विकत घेतल्यानंतरही ते विनामूल्य उपलब्ध राहिले. सेवा, चालक, नियोजित कार्ये, फाईल-शोधकाला जोडलेले घटक, प्रवेशद्वाराशी संबंधित नोंदी असे नाना विभाग त्यात आहेत. प्रत्येक नोंदीच्या प्रकाशकाची अंकीय स्वाक्षरी पडताळता येते. मायक्रोसॉफ्टच्या नोंदी झाकून ठेवून परक्यांच्याच तेवढ्या पाहता येतात. आणि काढलेली खूण पुन्हा घालता येते. ज्या आज्ञावली केव्हाच काढून टाकल्या त्यांच्या उरलेल्या नोंदीही त्यात उघड्या पडतात. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, या म्हणीचा प्रत्यय ज्याला घ्यावयाचा असेल त्याने जुन्या यंत्रावर हे साधन एकदा चालवून पाहावे.

परंतु हीच पूर्णता सामान्य वाचकाच्या दृष्टीने त्याचे वैगुण्य ठरते. शेकडो ओळींच्या या जंत्रीतून आवश्यक कोणती आणि आगंतुक कोणती हे ओळखण्यास जे ज्ञान लागते, ते साधन स्वतः देत नाही. टास्क मॅनेजरने सुबोधतेसाठी पूर्णतेचा बळी दिला. ऑटोरन्सने पूर्णतेसाठी सुबोधतेचा. दोहोंपैकी एकाला दोष देऊन दुसऱ्याची भलामण करणे सोपे आहे, पण त्यात अर्थ नाही. दोन्ही साधने एकाच प्रश्नाला बगल देतात : नोंद झाली तेव्हा ती का झाली, हे त्या नोंदीतच लिहून ठेवण्याची सक्ती का नसावी? नाव आहे, प्रकाशक आहे, मार्ग आहे. हेतू मात्र कोठेच नाही.

५

लिनक्सच्या क्षेत्रात हाच प्रश्न वेगळ्या अंगाने हाताळला गेला. २०१० साली लेनार्ट पॉटरिंग आणि के सिव्हर्स यांनी पुढे आणलेल्या सिस्टिमडी या व्यवस्थेने आरंभी काय चालावे याबरोबरच आरंभी चालण्याची खरोखर गरज आहे काय, हा प्रश्न केंद्रस्थानी आणला. छपाईची सेवा आरंभी सुरू न करता केवळ तिचे दार उघडे ठेवावे, आणि दारावर पहिली थाप पडताच सेवा जागी करावी, अशी ती कल्पना आहे. अॅपलच्या लाँचडीमध्ये २००५ पासून ही कल्पना प्रत्यक्षात होती आणि सिस्टिमडीच्या कर्त्यांनी ते ऋण मान्यही केले आहे. या दृष्टीने पाहता आपल्या यादीतील कित्येक नोंदी ‘आवश्यक’ आणि ‘अनावश्यक’ या दोन्ही वर्गांत बसत नाहीत. त्या केवळ वेळेआधी आलेल्या असतात.

शब्दयोजनेतही सिस्टिमडी अधिक काटेकोर आहे. तेथे सेवा थांबविणे, तिचा स्वयमारंभ रद्द करणे आणि तिला पूर्णपणे झाकून टाकणे या तीन भिन्न क्रिया आहेत. थांबविलेली सेवा पुढच्या आरंभी परत येते. स्वयमारंभ रद्द केलेली आपणहून येत नाही, परंतु दुसऱ्या सेवेने बोलावल्यास येऊ शकते. झाकलेली सेवा मात्र कोणीही बोलावले तरी येत नाही. विंडोजच्या यादीत ‘अक्षम’ या एकाच शब्दाच्या पोटात या छटा हरवतात. मग अक्षम केलेली आज्ञावली दुपारी चालताना आढळली की वापरणारा चकित होतो. मोजमापाच्या बाबतीतही येथे प्रामाणिकपणा दिसतो. कोणत्या सेवेला किती वेळ लागला याची उतरंड दाखविणारी आज्ञा येथे आहे. पण एखादी सेवा दुसरीसाठी खोळंबली असल्यामुळेही संथ दिसू शकते आणि म्हणून ही उतरंड दिशाभूल करू शकेल, असा इशारा त्या आज्ञेच्या माहितीपत्रकातच दिलेला आहे. आपल्या मापाची मर्यादा मापकर्त्यानेच सांगावी, हा संशोधनातील शिष्टाचार येथे पाळला गेला आहे.

तरीही सिस्टिमडीविषयी वाद माजला आणि तो निष्कारण नव्हता. २०१४ साली डेबियनच्या तांत्रिक समितीत हा प्रश्न मताला टाकावा लागला. निर्णय सिस्टिमडीच्या बाजूने झाला आणि २०१५ च्या डेबियन ८ मध्ये तो अमलात आला. काहींनी फुटून देवुआन ही वेगळी शाखा काढली. आक्षेपकांचे म्हणणे असे की, एकेकाळी वाचता येतील अशा लहानलहान लिप्यांत असलेली आरंभव्यवस्था आता एका विस्तीर्ण आणि परस्परांत गुंतलेल्या यंत्रणेच्या स्वाधीन झाली. वस्तुतः हा वाद पुन्हा अधिकाराचाच आहे : यादी वाचता येणे महत्त्वाचे, की यादी शहाणपणाने चालणे महत्त्वाचे?

६

आता चौथ्या कसोटीकडे, म्हणजे पूर्वसंमतीकडे वळू. विंडोज १० मधील नव्या पद्धतीच्या अॅप्ससाठी मायक्रोसॉफ्टने जो नियम केला, तो आदर्श म्हणता येईल असा आहे. अशा अॅपने आपला स्वयमारंभ आधी घोषित करावा लागतो. वापरणाऱ्याने ते निदान एकदा स्वतः उघडलेले असावे लागते. त्यानंतर संमती मागावी लागते. आणि वापरणाऱ्याने एकदा नकार दिल्यावर ते अॅप स्वतः होऊन तो नकार फिरवू शकत नाही. परंतु हा नियम जुन्या धाटणीच्या आज्ञावलींना लागू नाही, आणि यादीत गर्दी होते ती प्रामुख्याने त्यांचीच. वापरणाऱ्याच्या खात्यातील ‘रन’ नोंद करण्यास आजही व्यवस्थापकाचे अधिकार लागत नाहीत. म्हणजे जे सभ्य त्यांना शिष्टाचार, आणि इतरांना दार मोकळे.

अॅपलने २०२२ च्या मॅकओएस व्हेंचुरामध्ये मधला मार्ग स्वीकारला. पार्श्वभूमीवर चालणारा घटक नोंदला गेला की सूचना दिली जाते, आणि अशा घटकांची यादी सेटिंगमध्ये एकत्र पाहता येते. ही सुधारणा स्वागतार्ह आहे. तथापि सूचना म्हणजे संमती नव्हे. घटना घडून गेल्यावर दिलेली वार्ता वरातीमागून घोडे या न्यायानेच जाते. आणि यादीत पुष्कळदा आज्ञावलीऐवजी स्वाक्षरी करणाऱ्या विकासकाचे नाव येत असल्याने, हा कोण आणि आपल्या घरी कशासाठी, असा प्रश्न धन्याला पडतोच.

येथे एक आक्षेप संभवतो. प्रत्येक वेळी विचारत बसल्यास माणूस कंटाळून न वाचताच ‘हो’ म्हणेल. मग संमतीला अर्थ काय? आक्षेप वजनदार आहे. पण त्याने सिद्ध होते ते इतकेच की, प्रश्न थोडे आणि अर्थपूर्ण असावेत. स्वयमारंभाचा अधिकार ही विरळ मागितली जाणारी गोष्ट असली पाहिजे. गरजेनुसार जागे करण्याची सोय उपलब्ध झाल्यावर ती विरळ होऊही शकते. सिस्टिमडीची कल्पना आणि विंडोज १० चा नियम यांची सांगड घातली, तर प्रश्नांची संख्या आपोआप घटेल. या दोन सुधारणा निरनिराळ्या प्रणालींत झाल्या आणि एकत्र आल्या नाहीत, ही खरी खंत आहे.

७

या विवेचनाला व्यवहाराची एक बाजू आहे आणि तिची उपेक्षा करणे योग्य होणार नाही. ‘यादीतील सर्व काही बंद करा’ असा सल्ला सर्रास दिला जातो. तो देणाऱ्याला यंत्राची काळजी असते. यंत्रावर काम करणाऱ्याची असतेच असे नाही. स्वयमारंभ बंद केल्यामुळे ज्याच्या प्रबंधाची दूरच्या साठ्यात प्रत जाणे थांबले, त्याला त्याची जाणीव तबकडी बिघडेल त्या दिवशीच होते. मराठीत लिहिणाऱ्यांना याचे घरचे उदाहरण ठाऊक आहे. ज्यांची मराठी टंकलेखनाची सवय एखाद्या स्वतंत्र कळफलक-आज्ञावलीवर बसलेली आहे, त्यांच्या यंत्रात ती आज्ञावली बहुधा आरंभीच सुरू होते. अनोळखी इंग्रजी नाव पाहून एखाद्या हितचिंतकाने तिची खूण काढली, की दुसऱ्या दिवशी कळ दाबल्यावर देवनागरीऐवजी रोमन अक्षर उमटते, आणि यंत्र बिघडले अशी समजूत होते. यंत्र बिघडलेले नसते. यादीने आपला हेतू सांगितला नाही, इतकेच.

म्हणून विद्यापीठांतील प्रयोगशाळांत आणि ग्रंथालयांत, जेथे एक यंत्र अनेकांच्या हाती जाते, तेथे ही यादी कोणी, कोणत्या कारणाने बदलली याची लेखी नोंद ठेवण्याचा प्रघात पडावयास हवा. प्रणालीने जो हेतूचा स्तंभ दिला नाही, तो तूर्त आपणच एका वहीत भरून काढला पाहिजे. त्यासाठी तीन प्रश्न पुरेत : ही नोंद कोणी केली, ती कोणत्या कामासाठी आहे, आणि ते काम आरंभीच होणे आवश्यक आहे काय? पहिल्याचे उत्तर मिळत नसेल, तर ती नोंद संशयित मानून तपासावी. दुसऱ्याचे मिळत नसेल, तर ते मिळेपर्यंत तिला हात लावू नये. आणि तिसऱ्याचे उत्तर नकारार्थी असेल, तर तिचा स्वयमारंभ खुशाल बंद करावा, कारण ती आज्ञावली हवी तेव्हा हाताने उघडता येते.

सारांश, यादी दिसू लागली, मोजली जाऊ लागली, आणि तिच्यातील बदल मागे घेता येऊ लागले. एवढे श्रेय निरनिराळ्या प्रणालींच्या कर्त्यांना दिलेच पाहिजे. परंतु या सर्व सुधारणांनी धन्याला जो अधिकार दिला, तो मुख्यतः घरात शिरलेल्यांना बाहेर काढण्याचा आहे. दाराशी उभे राहून ‘आपण कोण, काम काय’ असे विचारण्याचा अधिकार त्याला अद्याप अंशतःच मिळाला आहे. पुढील काळातील कोणत्याही प्रणालीचे या क्षेत्रातील मूल्यमापन करताना तिने हा उरलेला अधिकार धन्याच्या हाती कितपत दिला, हीच कसोटी अभ्यासकांनी अग्रभागी ठेवावी.